मामांचा कप्तान

मामांना चित्रपट दाखवायचा म्हणजे खरं तर ऐकवायचा होता. डोळ्यांनी त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. म्हणून भाच्याने संकलनाच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या: मधे मामा, पलीकडे मामी आणि अलीकडे, अगदी मामांच्या कानाशी, तो स्वतः. संकलकाला त्याने जेवायला पिटाळलं. तो गडी फार हसायचा, आणि आज खोलीत हसणारं कुणी नको होतं.

कारण भाचेबुवांनी घोळ घालून ठेवला होता. मामांनी उमेदीची सगळी वर्षं एका हेराच्या कादंबऱ्या लिहिण्यात घालवली होती. त्या हेराला सगळे कप्तान म्हणायचे. कप्तान कधी हसला नाही आणि कधी चुकला नाही. त्याला तारेने गुप्त निरोप पोचवणारी तारवाली सरळसरळ मामीवर बेतलेली होती, हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक होतं. भाचा लहान असताना मामा प्रत्येक प्रकरण आधी त्याला वाचून दाखवायचे आणि त्याला जांभई आली की ते पान फाडायचे. पुढे भलेभले चित्रपटासाठी कप्तानाला मागायला आले, त्यांना मामांनी वाटेला लावलं आणि कप्तान दिला तो भाच्याला. अट एकच. हवं ते बदल, म्हणाले होते, फक्त त्याचं हसं करू नकोस.

निर्मात्याचं मत वेगळं पडलं. गंभीर हेर आता कुत्रंसुद्धा बघत नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. भाचा काही दिवस कुढला आणि मग त्याला युक्ती सुचली. कप्तानाची वाक्यं पुस्तकातलीच ठेवायची, एक शब्द हलवायचा नाही, फक्त ती बोलताना त्याची दशा बदलायची. ‘माझा माग काढणारा अजून जन्मायचाय,’ असं कप्तान बजावतो तेव्हा अख्ख्या गल्लीतली कुत्री त्याच्या मागे लागलेली असतात. हे लिहिताना भाचा एकटाच पोट धरधरून हसला होता. आता त्याला त्यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नव्हतं.

चित्रपट सुरू झाला. संगीत आणि बाकीचे आवाज अजून चढवायचे होते, त्यामुळे खोलीत नुसते संवाद घुमत होते, म्हणजे मामांचीच वाक्यं. पहिल्याच वाक्याला मामा खुर्चीत ताठ बसले आणि काय दिसतंय म्हणून विचारू लागले.

सगळं खरं सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच भाचा बसला होता. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला होता, की त्याची जीभच वळेना. धुकं आहे, तो म्हणाला, कप्तान कॉलर वर करून जहाजावरून उतरतोय. पडद्यावर कप्तान मासळीच्या टोपलीतून डोकं बाहेर काढत होता आणि त्याच्या टोपीवर खेकडा बसला होता.

एकदा खोटं बोललं की ते निभवायला आणखी बोलावं लागतं. कप्तानाने गच्चीवरून उडी घेतली, असं त्याने सांगितलं तेव्हा कप्तान कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चड्ड्यांमध्ये गुरफटला होता. तारवाली शत्रूच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी आहे, असं तो म्हणाला तेव्हा ती उघड्या छत्रीसकट कारंज्यात बसली होती. मामी हे सगळं बघत होती. तिच्याकडे मान वळवायची भाच्याची छाती होईना. तेवढ्यात तिच्या नाकातून फुर्रकन आवाज निघाला आणि तिने घाईघाईने रुमाल तोंडात कोंबला.

“काय झालं गं?” मामांनी विचारलं.

“काही नाही. भरून आलं.”

भाचा शरमेने अर्धा झाला. शेण आपण एकट्याने खाल्लं असतं तर एक वेळ चाललं असतं, आता या बाईलाही आपण खोटं बोलायला लावलं.

शेवटी तारवाली मरते तो प्रसंग आला. कशी दिसतेय रे ती, मामांनी हळूच विचारलं. तारवालीचा केसांचा टोप निघून कप्तानाच्या हातात आला होता आणि तो त्या टोपालाच छातीशी कवटाळून निरोप घेत होता. शांत दिसतेय, भाचा म्हणाला, झोपल्यासारखी. मामांनी चाचपडत त्याचा हात शोधला आणि घट्ट दाबला. त्यापेक्षा चार थोबाडीत परवडल्या असत्या.

दिवे लागले तरी मामांनी हात सोडला नाही. चित्रपट लागेल त्या शुक्रवारी पहिल्या खेळाला येणार, म्हणाले. गर्दी असेल, जिने आहेत, तुम्हाला झेपायचं नाही, असं भाच्याने काय काय सांगून पाहिलं.

“गर्दीसाठीच यायचंय,” मामा म्हणाले. “वाचणारी माणसं मला कधी दिसली नाहीत, आणि आता दिसायची नाहीत. ती गप्प कशी होतात ते तरी ऐकू दे.”

भाच्याला भरलेलं थिएटर दिसलं, त्यातला हशा ऐकू आला आणि त्या हशाच्या मधोमध बसलेले मामा दिसले. मामी पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होती. तिने नजर काढून घेतली नाही.

“मामा, लोक गप्प नाही बसणार. हसतील.”

“कशाला?”

“कप्तानाला. मीच तसं लिहिलंय. वाक्यं तेवढी तुमची ठेवली. मी आत्ता जे सांगत होतो, त्यातलं काहीच पडद्यावर नाहीये.”

मामांनी हात काढून मांडीवर ठेवला. त्यांनी रागवावं, ओरडावं, असं भाच्याला मनापासून वाटत होतं. मामांनी मान दुसऱ्या बाजूला वळवली.

“मघाशी तू हसलीस ना?”

“हो,” मामी म्हणाली. आता तिला खरंच भरून आलं होतं.

मग मामांनी खुर्ची चाचपून सरळ करून घेतली आणि तोंड पडद्याकडे केलं.

“पहिल्यापासून लाव. आणि या वेळी दिसतंय तसं सांग.”

भाच्याने लावला. पहिलं वाक्य आलं.

“कप्तान मासळीच्या टोपलीत आहे. टोपीवर खेकडा बसलाय. कप्तानाला ते माहीत नाही.”

“पुढे,” मामा म्हणाले.