सात पेले पांढरी

मी एक जुना काचेचा पेला आहे. बुटका, जाड बुडाचा, काठाचा टवका उडालेला. कमरेशी हरभऱ्याएवढा बुडबुडा आहे. काच फुंकणाऱ्याला ऐन वेळी खोकला आला, त्याची ती खूण. मित्रांनो, माझ्यात जे ओततात त्याला तोंड लावायचं तुमचं वय नाही. माझी गोष्ट तेवढी ऐका.

त्या बुडबुड्यापायी मला दुकानात कुणी हात लावेना. एका वाइन करणाऱ्यानं मात्र उचललं. म्हणाला, "याच्यावर खूण आयतीच आहे."

त्याच्या तळघरात स्पॅनिश काळ्या द्राक्षांची लाल वाइन पिंपांत मुरत असे. बाकीचे लालमध्ये लालच मिसळत. हा गडी पांढरी मिसळायचा. पिंपाला सात पेले. पेला मी, आणि भरायचं बुडबुड्यापर्यंत. त्याची छोटी लेक डोळे बारीक करून बसायची आणि बुडबुडा झाकला की ओरडायची, "बुडाला!"

शेजारी पिंपं बनवणाऱ्या पिंपवाल्यानं तोंड वाकडं केलं. "दुधात लिंबू पिळायचं तेवढं राहिलंय तुझं."

हिवाळा सरला की पहिला घोट त्याच्या बायकोचा. बाई नाकासमोर मला फिरवायची, घोट तोंडात घोळवायची, आणि दर वर्षी तेच ऐकवायची, "अहो, पांढरी जरा जास्तच झाली." असं म्हणून मला परत पुढं करायची. तो हसून भरायचा. पिंपवाला तर दोनदा मागून घ्यायचा. काय मान होता मला तेव्हा!

वर्षं सरली, लेक तिशीला आली, आणि मग तो वाइन करणारा वारला. त्याच आठवड्यात धुताना मी बाईच्या हातून निसटलो आणि नळावर आपटून माझा टवका उडाला. तिनं मला पुसलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर, दोरखंडांच्या मागं ठेवून दिलं.

पुढं लेक तळघर बघू लागली. नवे पेले आले, उंच मानेचे, पोटाला माझ्या दुप्पट. लेकीनं त्यांनीच मोजून सात ओतले. बाईनं चाखलं आणि थुंकलं.

"हे काय, पेले विसळलेलं पाणी?"

"सातच घातले, आई. बाबा सातच घालायचे."

"मग सात म्हणजे सात. पेला कुठला का असेना. तुझी द्राक्षंच नीट नसतील."

नऊ वर्षं हेच चाललं. बाईचे दात गेले, वास कमी येऊ लागला. दर वर्षी आशेनं घोट घ्यायची आणि पेला पालथा घालायची. मी वरून बघत होतो. मला ठाऊक होतं, पण काचेला कुठं तोंड असतं! त्या ओठांसाठी जीव तुटायचा माझा.

एका सकाळी लेक दोरखंड काढायला शिडीवर चढली आणि मी तिच्या हाताला लागलो. धूळ पुसता पुसता तिचं बोट बुडबुड्यावर थांबलं.

"बुडाला," ती हळूच म्हणाली. मग खाली बघून, "आई, हा इथं कुणी ठेवला?"

बाई स्टुलावर बसली होती. 

"मी. समोर दिसला की घशाखाली काही उतरेना. दुसरं काय करणार होते?"

लेकीनं मला नव्या पेल्याशेजारी ठेवलं. "हा तर निम्माच आहे, आई. मी नऊ वर्षं दुप्पट पांढरी घालत आले."

"मग बघतेस काय? भर," बाई म्हणाली. "आणि ओरड पहिल्यासारखी. मला आता दिसत नाही."

लेक सात वेळा ओरडली. चांगली चाळिशीची बाई, पण ओरडली.

हिवाळा सरेपर्यंत बाई टिकते की नाही, याचाच घोर होता मला. टिकली. वाइन माझ्यातच ओतली. टवक्याची बाजू चुकवून तिनं ओठ लावले. घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले.

"पांढरी जरा जास्तच झाली," ती म्हणाली, आणि मला पुढं केलं.

मित्रांनो, ज्याच्याकडं बघून रडू येतं ती वस्तू लपवू नका. खालच्या फळीवर ठेवा, हाताला लागेल अशी.