अप्पांच्या आधी

"सेतू, शिवू नकोस रे!" थोरली बहीण अक्का शेगडीपाशी ओरडली, तोवर चमचा उडदाच्या पिठाच्या डांगर पचडीत बुडालाही होता.

सेतुमाधवराव सिंगापूरच्या तंजावूर मराठी मंडळाचे अध्यक्ष. तिथल्या दुकानांत गावचा माल पोचवायचा हा त्यांचा ध्यास, आणि त्यावर बोलायला त्यांना माईकसुद्धा लागत नसे. यंदा वडिलांच्या, अप्पांच्या श्राद्धाला तंजावूरला आले, तर त्याच दिवशी सिंगापूरच्या एका घाऊक व्यापाऱ्यालाही घरी बोलावून बसले. एका तिकिटात दोन कामं! व्यापारी यायचा होता संध्याकाळी. पण त्याने मोठं देऊळ झटपट उरकलं आणि भटजींच्याही आधी दारात गाडी उभी केली. रावांचं सोवळं दोरीवरच राहिलं. पँट चढवून ते तसेच स्वयंपाकघरात घुसले.

व्यापाऱ्याने ओसरीवर चमचा चाटला, मान डोलावली आणि डांगराच्या पिठाची ऑर्डर पक्की करून गेला.

राव उड्या मारत आत आले. शेगडी विझली होती. सत्तरीची राजमअक्का पहाटेपासून एकटीने रांधलेले वडे, पायसम, भाज्या परसात गाईपुढे नेत होती.

"एक चमचा की अक्का! सगळं कशाला?"

"अप्पांचं पान होतं ते. त्यांच्या आधी दुसरा कोण जेवला रे?" आवाज मुळीच चढला नाही. "भटजींना फोन कर. उशिरा या म्हण. मी परत करत्यें."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ओसरीवर रावांनीच छापून आणलेलं मालाचं पत्रक पडलं होतं: 'घरच्या सोवळ्यातलं. देवापितरांच्या आधी कुणी चाखत नाही.' व्यापाऱ्याला ते त्यांनी मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं होतं. आता त्याकडे बघवेना. स्वतःची एवढी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती.

परसात अक्का पुन्हा न्हाऊन, ओलेत्याने विहिरीचं पाणी काढत होती. राव धावले.

"दे, मी ओढतो."

"लांब, लांब! शिवलास तर मला परत न्हायला पाहिजे."

ते जागीच थांबले. अक्का दोर ओढायची, कमरेवर हात ठेवून दम घ्यायची, पुन्हा ओढायची. खिशातला फोन ऑर्डरबद्दल मंडळातल्या लोकांच्या अभिनंदनाने सारखा वाजत होता. तो बंद करायलाही हात उठेना.

"उभा काय राहिलास? न्हाऊन ये," अक्का म्हणाली. "अप्पांना भूक लागली असेल."