सात नंबरची खुशाली

आई गेली त्याच्या पुढच्या आठवड्यातही सकाळी फोन टिंग वाजायचा आणि आईची खुशाली यायची.

"सुप्रभात. खोली सात: झोप बरी झाली. नाश्ता अर्धा घेतला. मन प्रसन्न."

लेकीने वाचलं, दात घासले आणि ऑफिसला गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. धक्का वगैरे बसला नाही. बसायला आत जागा असती, तर बसला असता.

आई ज्या वृद्धनिवासात होती, तिथली पद्धत अशी होती. पाळी संपताना सेविका फोनमध्ये बोलून ठेवायच्या: कोण काय जेवलं, कोण रुसलं, कुणाचा गुडघा धरला. ते ऐकून निवासाचा एआय सहायक सकाळी नातेवाइकांना नीटनेटका निरोप धाडायचा. आईला तिथे ठेवताना तिनेच अट घातली होती, की यंत्राला माझ्या आईचं नाव सांगायचं नाही, खोलीचा नंबर सांगा. ती एका विमा कंपनीत ग्राहकांच्या खासगी माहितीची राखण करायची. ऑफिसात तिला पाठीमागे 'कुलूपबाई' म्हणत, आणि हल्ली तोंडावरही. निवासाच्या व्यवस्थापक मॅडमना ती अट इतकी आवडली, की त्यांनी ती सगळ्याच खोल्यांना लावून टाकली.

आता खोलीत दुसरं कुणी आलं होतं, आणि सेविका इमानेइतबारे 'सात नंबर' असंच म्हणत होत्या. यंत्राच्या लेखी सात नंबरची मुलगी अजून हीच होती.

हे तिच्या लक्षात आलं ते एका निरोपावरून: "खोली सात: कवळी लावायला नकार." आईचे दात शेवटपर्यंत स्वतःचे होते.

ऑफिसात ती नव्या माणसांना घसा फोडून सांगायची, दुसऱ्याची माहिती चुकून हातात पडली तर वाचणं तिथल्या तिथे थांबवा आणि ताबडतोब कळवा. स्वतः मात्र रोज वाचत राहिली. हे चूक आहे हे तिला ठाऊक होतं, बंद खिडकीतून बाहेर ऊन आहे हे जसं ठाऊक असतं तसं.

"खोली सात: मुलाची वारंवार चौकशी. बागेत नेल्यावर विसर पडला."

"खोली सात: भूक चांगली. सेविकेची नक्कल करून सर्वांना हसवले."

आणि मग एके सकाळी: "खोली सात: अंथरूण ओले झाले. कुणालाही सांगू नये अशी विनंती केली."

तिने फोन उलटा ठेवला. ऑफिसात उशिरा येते म्हणून कळवलं आणि थेट निवासात गेली.

"अहो, या ना! किती वाळलात!" मॅडम म्हणाल्या. तिचं ऐकून घेता घेता त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आईंच्या नंतर आम्ही तुमचा फोन नंबर काढलाच नाही?"

"नाही."

"पण बघा, नाव कुठेच गेलेलं नाही. तुमचाच नियम पाळला."

"हो. नियम माझाच."

"मग बोभाटा कशाला? तुम्ही काय परक्या आहात? सगळं पुसून टाका, मी इकडून नंबर काढते, विषय संपला."

"आता सातमध्ये ज्या आहेत, त्यांच्या मुलाला कळवायला हवं. आजच. आणि त्यांनाही."

दारात चहा घेऊन मावशी उभ्या होत्या. आईला आंघोळ घालायच्या त्याच. त्यांनी ट्रे टेबलावर जरा जोरातच ठेवला. "एक मिनिट, ताई. आमचं बोलणं घरी जातं? मला वाटलं, आम्ही पुढच्या पाळीच्या बाईसाठी सांगून ठेवतोय. म्हणून तर मी तसलंही सांगते. हे मेलं सगळीकडे चहाडी करत फिरतंय होय?"

मॅडमनी चहात साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा घातली.

खोली सातमध्ये पलंग खिडकीकडे सरकवलेला होता. आईला उजेड सोसत नसे. पलंगावरच्या बाईंनी तिला वर-खाली न्याहाळलं. कवळी पेल्यात होती.

"कोण गं तू? इंजेक्शनवाली असशील तर आल्या पावली परत जा."

"नाही काकू. आधी इथे माझी आई राहायची. तुमचे निरोप चुकून मला येत होते. मी ते वाचले."

"सगळे?"

"सगळे."

काकूंनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "तोसुद्धा?"

"तोसुद्धा."

"वाचायचं नव्हतंस."

"हो. चुकलं माझं."

"माझ्या मुलाने वाचला?"

"त्यांना एकही निरोप गेलेला नाही."

"तरीच. मला वाटलं, विसरला गाढव." त्यांचा आवाज जरा सैल झाला. "बाकीचे त्याला पाठवा म्हणावं. नकलेचा तर पाठवाच. पण तो एक नाही."

"सांगते मी. निरोप जाण्याआधी तुम्हाला वाचून दाखवतील."

"दाखवतील?"

"नाही दाखवले तर मी तक्रार करीन."

मॅडमनी तिच्यासमोर काकूंच्या मुलाला फोन लावला. मग ती बाहेरच्या बाकावर बसून निरोप पुसू लागली. सगळे एका फटक्यात पुसता आले असते, पण वर आईचे होते, आणि दोघींच्या निरोपांची सुरुवात एकच. तारखा बघत, मजकूर न वाचता, ती एकेक पुसत वर गेली. विनंतीचा, नकलेचा, बागेचा, कवळीचा, अर्ध्या नाश्त्याचा.

मग आई गेली त्या सकाळची तारीख आली. हा वाचायला हरकत नव्हती.

"सुप्रभात. खोली सात: शांत झोप. नाश्ता घेतला नाही."

त्याच्या वर आदल्या दिवसाचा होता: "खोली सात: चहा गार असल्याची तक्रार. दोनदा बदलून दिला, तरी नाराज."

तिने बोट उचललं आणि फोन पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही. तिने दात घासले. ऑफिसचे कपडे घातले, मग पलंगाच्या काठावर बसली, आणि निघायची वेळ टळून गेली तरी तशीच बसून राहिली.