बापाकडची पोर

नेजानने गळ्यावरचा रुमाल सैल केला आणि नर्स एम्लिनसमोर एकेक बोट मिटत नावं घेतली. थोरली लेक, मधली, धाकटी. मग बहिणीच्या मुली आणि त्यांची पोरं.

“सगळ्यांचं रक्त चांगलं निघालं,” एम्लिन म्हणाली. “फक्त तुमचा लोमोर सोडून.”

नेजानच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच क्षणी तिला हायसंही वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली. लोमोर मुलगा होता. त्यांच्यात मुलावर कूळ संपतं. म्हणजे ही पीडाही तिथंच संपणार होती.

त्यांच्या बेटावर गळ्याची गाठ म्हणजे त्या पांढऱ्या भुकटीची करणी, हे लहान पोरही सांगेल. अणुबॉम्बच्या चाचणीत झालेल्या स्फोटानंतर ती आभाळातून पडली होती. नेजानच्या आईच्या गळ्यावर व्रण होता, मावशीच्याही होता. त्या स्फोटाच्या स्मृतिदिनाला त्या बायका गळे उघडे ठेवून गात, आणि समोर बसलेल्या, बॉम्ब फोडणाऱ्या देशाच्या सरकारी पाहुण्यांना मान वर करता येत नसे. नेजानची गाठ काढली तेव्हाही कुणी दुसरं काही मनात आणलं नाही. पण होनोलुलूला तपासलेल्या गाठीच्या तुकड्याने वेगळंच सांगितलं. या पेशींच्या मुळातच एक चूक होती, आणि ती आईबापांकडून पोरांत उतरणारी होती. घरातल्या सगळ्यांचं रक्त हवं, असं डॉक्टर म्हणाले. नेजानने सगळ्यांना आणलं. भात आणि भाजलेला निरफणस घेऊन अख्खं कूळ इस्पितळाच्या व्हरांड्यात चटया टाकून बसलं होतं.

“लोमोरला मी बोटीवरून उतरवून घेते,” ती आता म्हणाली. ऑपरेशनपासून तिचा आवाज घोगरा झाला होता. “आज सासूला आणि पोरीला घेऊन बायकोकडं, तिच्या बेटावर निघालाय. त्या दोघी जाऊ देत पुढं.”

एम्लिनने यादीवरून मान वर केली. “पोर? लोमोरला मुलगी आहे?”

“लिपाई. चार वर्षांची.”

“तिचं रक्त कुठं घेतलंय आपण?”

“तिचं कशाला? ती आमच्या घरातली नाही. त्याच्या सासूच्या, अल्मीराच्या कुळातली आहे ती.”

यात चुकीचं काहीच नव्हतं. जमीन आईकडून, कूळ आईकडून. मुलाची मुलं सुनेच्या माहेरची. एम्लिनही याच बेटांवर वाढलेली, म्हणून तिनेही कधी विचारलं नव्हतं. तिने यादी पुन्हा पुढे ओढली.

“मलाही सुचलं नाही हो. पण रोगाला काय कळतंय कूळ? लोमोरमध्ये आहे, म्हणजे पोरीत असण्याची शक्यता अर्धी. आणि असलं, तर गाठ धरायच्या आत गळ्यातली ग्रंथी काढावी लागते. याच वयात. मोठी झाल्यावर फार उशीर होतो.”

“ती बोट एकदा गेली की महिनोन्‌महिने परत येत नाही.”

“मग इथं बसलाय कशाला? पळा!”

टॅक्सीत आधीच दोघंजण आणि तांदळाचं पोतं होतं. ड्रायव्हर दर दुकानापाशी थांबत होता.

“जरा दामटव की रे!”

“कसली घाई, मावशी? रस्ता एकच आहे, कुठं पळून जातोय?”

नेजानने त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढे तो कुठंच थांबला नाही.

धक्क्यावर बोटीचं इंजिन सुरू झालं होतं. नेजानने हाक मारली, पण घशातून नुसती हवा आली. मग ती फळीवरून थेट वर चढली. अल्मीरा चटईवर बसून लिपाईच्या केसांना तेल लावत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. लिपाईच्या पहिल्या वाढदिवसाच्या जेवणात तिने नातीसाठी नेजानकडे जमिनीचा एक तुकडा मागितला होता. “पोर तुमची, तुम्हीच बघा,” असं नेजानने चारचौघांत सुनावलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

“विहीणबाई, लिपाईला खाली उतरवा.”

“तुमचं काय काम तिच्याशी?”

“तिचं रक्त तपासायचंय.”

“पोर आमची. तुमचेच शब्द आहेत.”

“आई, झालंय काय?” लोमोर सामान टाकून जवळ आला.

खलाशी दोर सोडायला लागले. नेजानने गळ्यावरचा रुमाल काढला. व्रण अजून लाल होता.

“ही गाठ भुकटीची नाही. आमच्या रक्तातली आहे. माझ्याकडनं लोमोरकडं गेलीय. पोरीत असेल, तर तिला आत्ताच वाचवता येईल.”

डेकवरची कुजबुज थांबली. सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि बोट जाईल त्या प्रत्येक बेटावर ही बातमी पोचणार होती. आता स्मृतिदिनाला गळा उघडा ठेवून कुणाकडे बोट दाखवणार? नेजानला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती जागची हलली नाही.

अल्मीराची तेलाची बोटं हळूच लिपाईच्या गळ्यावर गेली आणि चाचपू लागली. गुदगुल्या होऊन पोरगी खिदळली.

अल्मीराने भुवया उंचावल्या. त्या बेटांवर होकार असाच देतात.

“लोमोर,” ती म्हणाली, “चटया उतरव.”

बोट खाडीबाहेर गेली, तेव्हा ती सगळी धक्क्यावर सामानाशी उभी होती. अल्मीरा अजून घुश्शातच होती.

“पुढची बोट कधी येईल देव जाणे. तोवर आम्ही राहायचं कुठं?”

“लिपाईच्या घरी,” नेजान म्हणाली.

“तिचं इथं कुठलं घर?”

नेजानने पोरीची चटई काखोटीला मारली आणि टॅक्सीला हात केला.

“चला,” ती म्हणाली, “दाखवते.”