तिसरं कलम

गोपीनाथ कोळ्यानं मासळी सोडली ही बातमी भाईंदरजवळच्या पालीत पसरली, तेव्हा निम्म्या गावाला ती थट्टाच वाटली. अहो, जो माणूस जेवायला बसला की आधी ताटात तुकडा कुठे आहे ते बघायचा आणि मग भाताला हात लावायचा, तो म्हणे आता डाळीवर राहणार! पण बायकोच्या बाराव्याला सगळ्या भावकीसमोर त्यानं हातावर पाणी घेऊन सोडलं. "शालूच्या नावानं मासळी बंद. घरात शिजायची न्हाय, दारात यायची न्हाय." होडीसुद्धा त्यानं भावाच्या हवाली केली. गोपीनाथ एकदा बोलला की बोलला. त्याच्यापुढे डोकं आपटण्यापेक्षा भिंत बरी, असं त्याची भावजय हंसा म्हणायची.

शालू गेली ती दोन हजार चारच्या दिवाळीनंतर. पोटात कसलीशी गाठ निघाली आणि दोन महिन्यांत धडधाकट बाई हातची गेली. त्याच वर्षी जूनमध्ये तिनं आंब्याची तीन कलमं आणली होती. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मासळी विकून येताना रिकाम्या पाटीत घालून, रिक्षावाल्याशी हिंदीत कडाकडा भांडत. मागच्या दाराशी लाल मातीत तिनं ती एका रांगेत लावली. मुलगी समिधा नुकतीच लग्न होऊन भाईंदरला नांदायला गेली होती. "तिच्या पोरांना दारचा आंबा मिळायला पायजे," हे शालूचं एकच पालुपद. हॉस्पिटलात शेवटी शेवटी तिला धड बोलवत नव्हतं. तरी तिनं नवऱ्याचा हात ओढून सांगितलं, "तीन हायत. एक तरी जगवा." गोपीनाथ म्हणाला, "जगवीन." त्यानं आयुष्यात बायकोला दिलेला तो शेवटचा शब्द.

आता कोळ्याच्या मागच्या दारी झाड कसं वाढतं, हे किनाऱ्यावरच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मासळी साफ केली की तिचं पाणी, डोकी, काटे सगळं झाडाच्या बुडात. शालू तर वीतभर खड्डा करून त्यात पुरायची, मांजरांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवायची. पण हे काम बायकांचं. गोपीनाथनं जन्मभर ते पाहिलं आणि कधी पाहिलं नाही. त्याला वाटायचं, बायको घाण टाकतेय.

त्यामुळे शपथ घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात हंसा शेजारून मासळीच्या पाण्याची बालदी घेऊन आली, तेव्हा तो तिच्यावर खेकसला. "काय चाललंय?"

"कलमांना टाकते, भावोजी. वयनी टाकायची ना."

"माझ्या दारात मासळीचा वास नको, सांगितलंय ना! ने ती बालदी."

हंसा बिचारी आल्या पावली परत गेली. पुन्हा दोनदा आली, दोन्ही वेळा बोलणी खाऊन गेली. मग तिनं नाद सोडला.

कलमांसाठी गोपीनाथनं काय केलं नाही ते विचारा. सकाळ-संध्याकाळ पाणी. होडीच्या जुन्या जाळ्याचं कुंपण. उन्हाळ्यात डोक्यावर झावळ्या. भाईंदरहून युरिया आणून मूठमूठ टाकला. पहिलं कलम त्या युरियानंच करपलं असावं. दुसरं पुढच्या उन्हाळ्यात वाळलं. तिसरं मात्र जगलं, पण जगलं म्हणजे नुसतं उभं राहिलं. तीन वर्षांत गुडघ्याच्या वर गेलं नाही. पानं गडद, बारकी, कडांना जांभळट तांबूस. नवी पालवी म्हणून नाही. समिधाची मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, आणि कलम आपलं जिथल्या तिथे. गोपीनाथ रोज त्याच्याशेजारी पाटावर बसायचा आणि विनवायचा, "वाढ रे बाबा. काय कमी केलं मी तुला?"

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत शशिकांत सर तिथे आले. सर म्हणजे शेती खात्याच्या माती-परीक्षणातून निवृत्त झालेले, मुंबईतली जागा विकून भाईंदरला राहायला आलेले गृहस्थ. दर रविवारी स्कूटरवरून हंसाकडे ताजी मासळी न्यायला यायचे. हंसानंच त्यांना हाताला धरून आणावं तसं मागच्या दारी आणलं.

सरांनी पान उलटून पाहिलं, चिमूटभर माती बोटांवर चोळली.

"गोपीनाथराव, हे झाड उपाशी आहे."

"उपाशी? युरिया घातलाय, सर. पाणी तर दोन टायम."

"युरियानं पाला येतो, मुळं नाही येत. कोवळ्या झाडाला मुळं धरायला स्फुरद लागतं, म्हणजे फॉस्फरस. ही तुमची लाल माती स्फुरद आवळून धरते, झाडाला सहज देत नाही. शिवाय ते पाण्याबरोबर वाहून मुळापाशी जात नाही. जिथं पुराल तिथंच राहतं. म्हणून लहानपणीच मुळाशी द्यावं लागतं." मग ते हसले. "पण तुम्हाला मी काय सांगणार! मासळीच्या काट्यात स्फुरदच तर असतं. कोळीवाड्यातली झाडं उगाच का वाढतात? या झाडाला काटे घालत नाही का कोणी?"

हंसा खाली बघत राहिली. तिनं तोंडावर चार शब्द सुनावले असते तरी गोपीनाथला बरं वाटलं असतं.

"आता घातले तर जगंल?" त्यानं विचारलं.

"बघू या. दुकानात हाडांचा चुरा मिळतो, पुढच्या रविवारी मी घेऊन येतो. खुरप्यानं, हलक्या हातानं, बाजूनं थोडं थोडं पुरू. घाई करू नका."

घाई करू नका म्हणे! ज्यानं तीन वर्षं बायकोचं झाड उपाशी ठेवलं, त्याला आठवडाभर थांबा म्हणून सांगायचं! सरांची स्कूटर वळली तशी गोपीनाथ हंसाच्या दारात उभा राहिला. "डोकी, काटे, काय असंल ते दे." तिनं बालदी दिली. तीन वर्षांनी त्याच्या हाताला मासळीचा वास लागला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तसाच तो घरात गेला आणि कुदळ घेऊन आला.

पहिले दोन घाव घराच्या बाजूला घातले. माती रिकामी, मुळाचा धागासुद्धा नाही. जवळ सरकला तर दिसलं की मुळं अजून नर्सरीच्या पिशवीच्या आकारातच गोळा होऊन बसली आहेत. तो समुद्राच्या बाजूला आला आणि त्यानं जोरात घाव घातला.

कट्‌कन काहीतरी तुटलं.

त्यानं कुदळ टाकली आणि हातानं माती उकरली. बोटाएवढं जाड मूळ होतं. झाडाचं एकुलतं एक धड मूळ, बुंध्यापासून तिरकं खाली गेलेलं, आणि आता मधोमध दोन तुकडे झालेलं. पुढचा तुकडा त्यानं ओढला तर त्याच्याबरोबर पांढरे मणके वर आले. एकापुढे एक, मोठाले. घोळ माशाचे. प्रत्येक मणक्याच्या भोकातून, फटीतून बारीक मुळं गेली होती, तान्ह्याच्या जावळासारखी दाट.

ती घोळ त्याला आठवली. का नाही आठवणार? नारळी पुनवेनंतरच्या पहिल्याच फेरीला त्याच्या जाळ्यात लागलेली. समिधा आणि जावई जेवायला आले होते. शालूनं सगळ्यांना वाढलं आणि सगळ्यांच्या ताटातले काटे गोळा करून मागच्या दारी गेली होती. चौघं एकत्र जेवले ते शेवटचं.

"भावोजी, काय झालं?" हंसा धावत आली.

गोपीनाथ मातीत बसून होता. "ती वाढून गेली होती गो," तो म्हणाला. "तिनं वाढलेल्यावर जगलं ते तीन वर्षं. आणि मी तोडलं." आणि हा साठीचा माणूस, जो बायकोच्या बाराव्यालाही रडला नव्हता, तो मणके छातीशी धरून गुरासारखा ओरडून रडला.

त्यानं मूळ पुन्हा जागेवर ठेवलं, माती दाबली, कलमाच्या डोक्यावर ओली गोणपाटं बांधली. सर बातमी कळल्यावर मधल्या वारीच आले, पण पाहून नुसती मान हलवून गेले. दहाव्या दिवशी पानं वाळली. गळली नाहीत, तशीच चिकटून राहिली.

रविवारी समिधा लेकीला घेऊन आली. वाळलेलं कलम बघून तीही रडली आणि मग बापाची समजूत घालत म्हणाली, "बाबा, आपण दुसरं आणू."

"आन," गोपीनाथ म्हणाला. मग भिंतीपलीकडे आवाज दिला, "हंसा, घोळ हाय का गो? एक ताट वाढ."

तो मागच्या दारी, त्या वाळलेल्या कलमाशेजारी पाटावर बसून जेवला. घास तोंडात फिरत होता, गिळवत नव्हता, पण जेवला. एकेक काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवत गेला.

"बाबा, तुम्ही तर आईच्या नावानं सोडली होती ना?"

गोपीनाथनं ताटातले काटे ओंजळीत गोळा केले.

"सोडली होती. पण तिला इचारलं न्हवतं."