कोटद्वारच्या आधी

लेक मोटरसायकल घेऊन एकटी डोंगरावरच्या लॅन्सडाउनला मैत्रिणींना भेटायला निघाली आणि पद्माकर सबनीस शीळ घालत चहा पीत बसले, हे काही शालिनीबाईंना पटेना. एरवी मृणाल गुडगावच्या ऑफिसला जरी मोटरसायकलवर गेली, तरी हे गृहस्थ ती पोहोचेपर्यंत घरात येरझाऱ्या घालायचे. आणि आज दसऱ्याच्या सकाळी त्यांनी स्वतः गाडीला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि "जा, मजा कर" म्हणून निरोप दिला.

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?" शालिनीबाईंनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय!" पद्माकर म्हणाले आणि गालातल्या गालात हसले.

गंमत अशी होती. आदल्या दिवशी खंडेनवमी. पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर पूजेला काढलेले. दिल्लीत सगळी नोकरी काढलेल्या, निम्मं आयुष्य आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये घालवून आता द्वारकेच्या फ्लॅटमध्ये स्थिरावलेल्या या माणसाला हत्यारांची फार हौस, आणि हौसेच्या मानाने अक्कल बेताची. मृणाल सहज म्हणाली होती की इंजिन ऑइल बदलायला झालंय, आल्यावर बघीन. पद्माकरांना वाटलं, आल्यावर कसलं? पूजेला वाहन स्वच्छ हवं. ती मेट्रोने ऑफिसला गेलेली असताना ते बेसमेंटच्या पार्किंगमध्ये उतरले, गाडीखालचा नट सोडला, काळं झालेलं ऑइल जुन्या टबात काढलं आणि कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलं महागातलं सिंथेटिक ऑइल मोटरसायकलमध्ये ओतलं. कारला जे मानवतं ते मोटरसायकलला का मानवू नये? त्यांच्या लहानपणी थोरल्याचा शर्ट धाकट्याला होतच असे.

मृणालला मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. 'माझ्या गाडीला हात लावायचा नाही' असा तिचा सक्त हुकूम होता. ती परत आली की विचारायचं, कशी पळाली गाडी? आणि मग सांगायचं. दोन वर्षं त्या गाडीला विरोध केला, त्याची ही भरपाई होती. तोंडाने बोलणं त्यांना जमलं नसतं.

दहाच्या सुमारास प्रसन्न आला. वरच्या मजल्यावरचा, पुण्याहून नोकरीसाठी आलेला, स्वतःही मोटरसायकलवाला. दिल्लीत आपटा कुठून आणायचा, म्हणून सोसायटीतल्या कचनारची, म्हणजे कांचनाची, पानं सोनं म्हणून चालवून घ्यायची, ही इथल्या मराठी घरांची रीत. सोनं देऊन तो पाया पडला. पद्माकरांना कोणाला तरी सांगायचंच होतं. त्यांनी आपला पराक्रम सांगितला.

प्रसन्नच्या हातातली करंजी हातातच राहिली.

"काका, कारचं ऑइल घातलंत?"

"फुल्ली सिंथेटिक आहे अरे. एकदम भारी."

"भारी असेल, पण कारसाठी. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लचच्या प्लेटा घसरायला लागतात. शिवाय हे पातळ. सपाट रस्त्यावर कदाचित काहीच कळणार नाही."

"मग?"

"चढावर कळेल. इंजिन तापलेलं असणार. ती ॲक्सिलरेटर पिळेल, इंजिन ओरडेल, पण चाकाला जोर मिळणार नाही. ट्रकला ओव्हरटेक करताना असं झालं तर..." प्रसन्नने करंजी परत बशीत ठेवली. "कोटद्वारपर्यंत बिल्कुल प्रॉब्लेम नाही, काका. घाट त्याच्या पुढे आहे. फक्त कोटद्वारच्या आधी तिला थांबवा."

पद्माकरांच्या डोळ्यांसमोर घाट उभा राहिला. वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला दरी, मागे ट्रक, आणि पोरगी हँडल पिळते आहे तरी गाडी पुढे जात नाही. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. गाडी चालवताना ती फोन बॅगेत ठेवते हे माहीत होतं, तरी लावतच राहिले. शेवटी मेसेज टाकला, 'ताबडतोब फोन कर.'

"अशाने नाही करायची ती," शालिनीबाई म्हणाल्या. "लिहा, आईला अ‍ॅडमिट केलंय. म्हणजे थांबेल."

"नाही थांबणार," पद्माकर म्हणाले, आणि खाली बसले.

कारण हे औषध त्यांनी आधीच वापरून संपवलं होतं. होळीला ती जयपूरला निघाली, तेव्हा आईचं बीपी वाढल्याची थाप मारून त्यांनी तिला नीमराण्याहून मागे फिरवलं होतं. घरी येऊन बघते तर आई पुरणपोळ्या लाटत होती. त्याआधी एकदा वादळाची थाप, एकदा पाहुण्यांची. लांडगा आला रे आला करण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या दारात आता खरोखरचा लांडगा उभा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने आत घेतला होता. काही झालं तर? या विचाराच्या पुढे त्यांना जाता येईना.

फोन वाजला. मृणालच होती.

"बाबा, यार, सतरा मिस्ड कॉल? कोटद्वारच्या अलीकडे नजीबाबादला चहाला थांबलेय. बोला, आज काय झालं?"

"मृणाल, तुझ्या गाडीत मी काल चुकीचं ऑइल घातलं. कारचं."

पलीकडे ती हसली. "अच्छा! या वेळी आयडिया टेक्निकल आहे. पिछली बार आईचं बीपी, आता माझं ऑइल. गाडी मक्खन चाललीय, बाबा."

"सपाटीवर चालेल. चढावर क्लच घसरेल. प्रसन्न सांगतोय."

"त्याला पण सामील केलंत?"

"मला हवं तेवढं रागाव," पद्माकर म्हणाले. "मी तुला न विचारता हात लावला, माझं चुकलं. पण तशी चढाला लागू नकोस. कोटद्वारला मेकॅनिककडे हे सगळं काढून टाक. डब्यावर मोटरसायकलचं लिहिलेलं आहे ना, ते बघून घे. तुझ्या गाडीला लागतं तेच. ते घाल आणि मग जा वर. मैत्रिणी खोळंबल्या असतील."

"बघते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

बघते म्हणजे काय, हो की नाही, हे त्या घरात कोणालाच ठरवता येईना. प्रसन्न थांबून राहिला. शालिनीबाईंनी नैवेद्याचं ताट वाढलं आणि झाकून ठेवलं. पद्माकर फोन हातात धरून बसले होते. लावायचं धाडस होत नव्हतं. ती घाटात असली आणि फोनसाठी बॅगेत हात घातला तर? विमान सोसायटीवरून गेलं तरी ते दचकत होते.

बऱ्याच वेळाने फोन आला.

"कोटद्वारला आहे," मृणाल म्हणाली. "ऑइल बदललं. मेकॅनिकने जुनं बोटावर घेऊन बघितलं, म्हणाला, मॅडम, ये किसने डाला? मी म्हटलं, घर के हैं."

पद्माकरांना हसावं की रडावं कळेना. "तुझा विश्वास कसा बसला?"

"नव्हता बसला. निघाले पण होते मी. मग रस्त्यात लक्षात आलं, तुम्ही 'परत ये' म्हणालाच नाहीत. थाप मारताना तेवढं कधी विसरत नाही तुम्ही."

दहा वाजल्यापासून पद्माकर इतके घाबरले होते, पण ते शब्द खरंच त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. आता मात्र जिभेच्या टोकावर आले होते. दुपार कलत होती, घाट पुढे होता, आणि पोरीचा आवाज दमलेला वाटत होता.

"बाबा?" मृणालने विचारलं. गाडी घेतल्यापासून तिने असं कधीच विचारलं नव्हतं. "मग जाऊ ना वर?"

शालिनीबाई आणि प्रसन्न त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"जा," पद्माकर म्हणाले.