सावरीच्या वळणाअलीकडे

"मिरची तरी ताजी पाठवायची," मू थॉ आजी म्हणाली आणि छावणीवरून आलेली सुकी मिरची तिने खलबत्त्यात टाकली. सोबत आलेलं काडतूस फळीवरच्या डब्यात गेलं. डबा भरत आला होता.

लष्कराच्या छावणीचा हुकूम असाच यायचा. ऐकलं नाहीत तर गोळी खाल आणि गाव पेटेल, असा त्या काडतुसाचा आणि मिरचीचा अर्थ. काम काय ते निरोप्या तोंडी सांगायचा. या वेळचं काम होतं, सकाळी एक बैलगाडी आणि चार माणसं रस्त्यावर हजर करणं. गाडी पुढे, शिपाई मागे. रस्त्यात सुरुंग असला तर तो आधी आमच्या बैलांना कळावा, एवढंच साहेबाचं म्हणणं.

आजी आमची मुखीण, गावची प्रमुख. आमच्या करेन लोकांच्या डोंगरांत मुखीपण कुणालाच नको असतं. आधीच्या एका मुखीला लष्कराने मारलं. दुसऱ्याला आमच्याच जंगलातल्या बंडखोर पोरांनी मारलं, लष्कराला तांदूळ दिला म्हणून. मग गावाने डोकं चालवून म्हातारी बाई निवडली, कारण म्हातारीला सहसा मारत नाहीत. एका महिन्यापुरतं म्हणून ते काम तिच्या गळ्यात घातलं, तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच तिच्या शेजारी आले होते. आता माझे दात हलायला लागलेत.

"आजी, आता तरी सोड की हे," मी म्हणायची.

"घेतेस तू? घे. डब्यासकट देते."

मी घाईघाईने पाणी आणायला निघायची. गावातलं दुसरंही कुणी पुढे यायचं नाही. आम्ही भित्रे होतो आणि तिच्या जिवावर भित्रे होतो.

त्याच संध्याकाळी वेलदोड्याच्या बागेतून जंगलातली पोरं आली. त्यांचा पुढारी आजीच्याच हातावर जन्मलेला. बंदूक घराच्या शिडीला टेकवून तो म्हणाला, "आजी, सावरीच्या वळणावर सुरुंग पेरलाय. आपल्या माणसांना तिकडं जाऊ देऊ नको."

"उद्या गाडी घेऊन तिथूनच जायचंय आम्हाला."

"काढता नाही येणार आता. तुम्ही वळणाला बगल देऊन जा."

"बगल दिली की त्यांना कळेल, म्हातारीला ठाऊक होतं म्हणून. मग गाव ठेवतील का?"

"मग तूच बघ बाई काहीतरी."

"हो, मीच बघते! तुम्ही पेरा, ते तुडवा म्हणतात, आणि मधे मी बघते."

तरी जाताना तिने त्याला केळीच्या पानात भात बांधून दिला.

सकाळी आम्ही चौघं निघालो. आजी, मी, माझी जाऊ आणि गाडीवाला क्वे से. आजीने त्याच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. त्याचा चेहरा पडला, तरी त्याने बैल हाकले. मागे शिपाई होते. त्यांतला एक कान बाहेर आलेला तरुण सारखा आमच्याजवळ यायचा. शहरात चहाच्या दुकानात वाढपी होता म्हणे, बसमधून उतरवून भरती केलेला. बंदूक अशी धरायचा जशी काही दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिलीय.

"आजी, वास कसला येतोय हो तुमच्या पुडीतून?"

"ठेच्याचा. तुमच्याच साहेबाच्या मिरचीचा आहे, घे."

तो हसला. चालता चालता भाताला ठेचा लावून खाल्ला आणि नाक पुसत म्हणाला, "माझी आई अस्साच करते. डोळ्यांतून पाणी काढतो मेला."

"याचं नाव काय असेल गं?" मी आजीला हळूच म्हटलं.

"विचारू नको. शिपायाला नाव विचारायचं नाही. नाव कळलं की ते आपल्यासोबत घरी येतं."

इतक्या वर्षांचा तिचा नियमच होता तो.

वळणावरच्या सावरीच्या झाडाचा शेंडा दिसायला लागला तशी आजी चाकाजवळून चालू लागली. वळणाअलीकडच्या चढाला क्वे सेने गाडी थांबवली तेव्हा तिने चाकाची खीळ काढून लुंगीच्या ओच्यात सरकवली. थोडं पुढे जाताच चाक निसटलं आणि गाडी कलंडली.

"खीळ पडली साहेब, खीळ!" आजीने कपाळावर हात मारून असा आकांत केला की मलाही खरं वाटलं. मागे एकदा गाडी मोडली होती तेव्हाचा साहेब वैतागून सगळ्यांना घेऊन परत फिरला होता. तिचा सगळा हिशोब त्यावर होता.

पण हा साहेब नवीन होता. त्याने क्वे सेला लाथ घातली, इकडेतिकडे बघितलं आणि त्या कानवाल्याला म्हणाला, "ए चहावाल्या, तू हो पुढं. वळणापलीकडं बघून ये."

तो निघाला. आजीने तोंड उघडलं. एकच शब्द पुरे होता. पण तो शब्द बोलला की आमच्या पोराबाळांसकट गाव जाणार होतं. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

स्फोटाने बैल बिथरले. मग तो आईला हाका मारू लागला. साहेबाने पुढे कुणालाही जाऊ दिलं नाही, आजी मात्र गेलीच. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हाका फार वेळ चालल्या नाहीत.

"तुला ठाऊक होतं!" साहेबाने तिच्या थोबाडीत मारली.

"ठाऊक असतं तर आपल्याच माणसांना घेऊन आले असते का?"

साहेबाला ते पटलं असावं. प्रेत न्यायला गाडी हवी होती. "खीळ शोध," तो म्हणाला.

आणि आजी गवतात वाकली, चाचपडल्यासारखं केलं आणि तिला खीळ सापडली. ती ठोकायला दगड क्वे सेने तिच्या हातातून घेतला.

माणूस घाबरला की त्याचा जीव घाबरल्या जागीच राहतो, म्हणून संध्याकाळी शिडीवर भाताचा डाव आपटून, नाव घेऊन त्याला घरी बोलावतात आणि मनगटाला पांढरा दोरा बांधतात. सगळं गाव जमलं होतं. "आजी, वाचवलंस गं," जो तो म्हणत होता. "पुढच्या महिन्यालाही तूच हं!" कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले. मला त्यांची किळस आली. पण हसले मीही.

तिने क्वे सेला हाक मारली, "ये रे, रस्त्यावर थांबू नको, भात निवतोय." मग माझ्या जावेला, मग मला. तिघांना दोरे बांधून झाले. एक उरला.

"हा तुझा, आजी. आण, मी बांधते," मी म्हटलं.

तिने हात मागे घेतला. शिडीपाशी जाऊन डाव आपटला आणि हाक मारायला तोंड उघडलं, सकाळी उघडलं होतं तसंच.

"काय म्हणून हाक मारू गं त्या चहावाल्या पोराला?" तिने मला विचारलं.

मला तरी कुठे ठाऊक होतं! ती पुन्हा डाव आपटत राहिली, नुसताच. एकेक करून लोक उठून घरी गेले.